विश्लेषण : ‘आपल्या गावचा’ उमेदवार सरपंचपदासाठी का उभा राहतो? त्याची पार्श्वभूमी कशी पारखावी?

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की प्रत्येक उमेदवाराच्या पत्रकावर एक ओळ हमखास असते : ‘आपल्या हक्काचा, आपल्या गावचा माणूस’. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. ही निवडणूक राजकीय पक्षांच्या चिन्हांवर लढवली जात नाही. त्यामुळे मतदारासमोर पक्षाचा जाहीरनामा नसतो, असतो तो फक्त माणूस आणि त्याचे पॅनल. त्या माणसाने आजवर काय केले आणि त्याला हे पद कशासाठी हवे आहे, हे दोनच प्रश्न महत्त्वाचे असतात. तरीही गावोगावी याच दोन प्रश्नांवर सर्वात कमी चर्चा होते. भावकी, वाडा, जुने हिशेब आणि मतदानाच्या आदल्या रात्रीची पाकिटे यांतच निकाल लागतो.

‘गावचा माणूस’ म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कोण?

जन्माने गावचा असणे ही कायद्याची अट नाही. त्या ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव असावे, वय २१ पूर्ण असावे आणि महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधील अपात्रतेची कारणे लागू नसावीत, एवढे पुरते. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी सातवी उत्तीर्ण असण्याची अटही आहे.

अपात्रतेची कारणे मात्र बरीच आहेत. ग्रामपंचायतीची कराची थकबाकी, ग्रामपंचायतीच्या कामाच्या ठेक्यात हितसंबंध, सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण, १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा अधिक होणे, मागील निवडणुकीचा खर्च मुदतीत सादर न करणे, ही त्यातली नेहमी ऐकू येणारी कारणे. राखीव जागेवरील उमेदवाराला जात वैधता प्रमाणपत्र विहित मुदतीत द्यावे लागते. ते न दिल्याने निवडून आलेल्यांची पदे गेल्याची उदाहरणे दर निवडणुकीनंतर दिसतात.

ही यादी नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. कायदा उमेदवाराला ‘तू कुठला?’ असे विचारत नाही. ‘गावाचे काही देणे लागतोस का, गावाची जागा बळकावली आहेस का, गावाच्या कामात तुझा नफा आहे का?’ असे तो विचारतो. गावपण पारखण्याची ही कसोटी जन्मगावापेक्षा अधिक शहाणी आहे.

पद हवे कशासाठी? मानधनासाठी नक्कीच नाही

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये सरपंचांचे मानधन दुप्पट केले. त्यानुसार दोन हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावाच्या सरपंचाला दरमहा ६ हजार, आठ हजारांपर्यंत ८ हजार आणि त्याहून मोठ्या गावाच्या सरपंचाला १० हजार रुपये मिळतात. सर्वात मोठ्या गावाचे मानधन धरले तरी पाच वर्षांत ते सहा लाखांवर जात नाही.

आता दुसरा आकडा पाहा. डिसेंबर २०२० मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे प्रकरण उघडकीस आले. मंदिराच्या कामासाठी देणगी, असे त्याला नाव होते. खोंडामळीची बोली ४२ लाखांची, तर उमराण्याची दोन कोटींच्या पुढची होती. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली.

पाच वर्षांत फार तर सहा लाख देणाऱ्या पदासाठी कोणी ४२ लाख मोजत असेल, तर वरची रक्कम कुठून तरी वसूल व्हायची असते. ती पैशातच वसूल होते असे नाही. प्रतिष्ठा, तालुक्याच्या राजकारणात पुढचे पाऊल, ठेक्यांवर पकड, जमिनीच्या व्यवहारात वजन, यांपैकी काहीही चालते. म्हणूनच ‘मला पद नको होते, लोकांनीच आग्रह केला’ हे वाक्य ऐकून मतदाराने थांबू नये. या पदाने उमेदवाराला काय मिळणार आहे, आणि पद घेताना तो काय सोडणार आहे, हे पुढचे प्रश्न आहेत.

हिवरे बाजारच्या उमेदवाराकडे काय होते?

गावी परतून सरपंच झालेल्या माणसाचे महाराष्ट्रातले सर्वात परिचित उदाहरण म्हणजे नगर तालुक्यातील (आता अहिल्यानगर जिल्हा) हिवरे बाजारचे पोपटराव पवार. वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, क्रिकेटमध्ये रमलेला हा तरुण १९८९ च्या सुमारास गावचा सरपंच झाला. गाव पर्जन्यछायेतले. १९७२ च्या दुष्काळानंतर लोक कामासाठी बाहेर पडलेले, दारूच्या भट्ट्या, भांडणे आणि उजाड डोंगर. सरकारी कर्मचाऱ्यांना तिथली बदली शिक्षा वाटत असे.

या उमेदवाराची पार्श्वभूमी आजच्या पत्रकाच्या भाषेत लिहायची तर ‘उच्चशिक्षित, तरुण, तडफदार’ अशी झाली असती. पण हिवरे बाजार बदलले ते पदवीमुळे नाही. बदलले ते नियमांमुळे, आणि ते नियम ग्रामसभेने स्वतःवर घालून घेतल्यामुळे. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. पुढे शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर बंदी आली. ऊस आणि केळी यांसारख्या जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना आवर घातला गेला. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर पिके ठरवायची, ही पद्धत रुजली. राज्याच्या आदर्श गाव योजनेत गावाची निवड झाली आणि सरकारी योजनांचा पैसा श्रमदानाच्या जोडीने कामी आला. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

इथे मतदारासाठी धडा आहे. बोअरवेलला परवानगी देऊन मते मिळतात, बंदी घालून जातात. चराईबंदी म्हणजे शेळ्या-मेंढ्या असलेल्या कुटुंबाची नाराजी ओढवून घेणे. जो उमेदवार गावाला ‘हे मिळेल, ते मिळेल’ एवढेच सांगतो आणि ‘आपल्याला हे सोडावे लागेल’ असे एकदाही म्हणत नाही, त्याच्या आराखड्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

बिनविरोध निवड चांगली की वाईट?

हिवरे बाजारमध्ये तीन दशके निवडणूक बिनविरोध होत होती. जानेवारी २०२१ मध्ये मात्र तिथे लढत झाली आणि पवार यांच्या पॅनलने सातही जागा जिंकल्या. या घटनेकडे अनेकांनी ‘आदर्श गावात फूट’ अशा नजरेने पाहिले. आमच्या मते तसे पाहू नये. तीस वर्षांच्या कामावर गुप्त मतदानाने शिक्कामोर्तब झाले, तर त्या कामाचे वजन वाढतेच.

त्याच वेळी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील पाटोदा या दुसऱ्या आदर्श गावात वेगळा निकाल लागला. कर वेळेवर भरणाऱ्यांना मोफत दळणासारख्या सोयी देऊन गाजलेल्या या गावाचे माजी सरपंच भास्करराव पेरे पाटील स्वतः रिंगणात नव्हते. त्यांच्या कन्येचा पराभव झाला. वडिलांचे काम मान्य करूनही मतदाराने पुढच्या पिढीला वेगळे तोलले. पुण्याई वारसाहक्काने मिळत नाही, हे त्या गावाने मतपेटीतून सांगितले.

बिनविरोध निवड एकमताने होऊ शकते, लिलावाने होऊ शकते आणि धाकानेही होऊ शकते. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. फरक ओळखण्याची खूण एकच : आदल्या बैठकीत ‘नाही’ म्हणण्याची मुभा सर्वांना होती का? गावकुसाबाहेरच्या वस्तीला, महिलांना, भाडेकरू मजुरांना त्या बैठकीचे निमंत्रण होते का? नसेल, तर ती बिनविरोध निवड म्हणजे काही घरांचा आपसांतला करार आहे. बिनविरोध गावाला बक्षीस देऊ, असे पुढारी जाहीर करतात तेव्हा याच कराराला सरकारी मान मिळतो.

‘ती तर बाहेरची’ : गावपणाची कसोटी महिलांना वेगळी का?

स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ३३ टक्के आरक्षण ७३ व्या घटनादुरुस्तीने आले. महाराष्ट्राने ते २०११ मध्ये ५० टक्क्यांवर नेले. म्हणजे गावातल्या निम्म्या जागांवर महिला असणार. आणि आपल्याकडे लग्नानंतर मुलगी सासरी जाते. त्यामुळे बहुसंख्य महिला उमेदवार जन्माने त्या गावच्या नसतातच. ‘भूमिपुत्र’ हा शब्द मुळात पुल्लिंगी आहे, हे इथे आठवावे.

परिणाम असा, की पुरुष उमेदवाराची पार्श्वभूमी त्याच्या कामाने सांगितली जाते, तर महिला उमेदवाराची नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाने. पत्रकावर तिच्या फोटोपेक्षा ‘यजमानां’चा फोटो मोठा असतो. निवडून आल्यावर सही तिची आणि कारभार त्यांचा. ‘सरपंच पती’ची ही प्रथा इतकी पसरली, की केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाला २०२३ मध्ये या प्रश्नावर समिती नेमावी लागली.

याची दुसरी बाजूही आहे. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या महिला सरपंचाला, त्या सासूबरोबर अतिक्रमित जागेवरील घरात राहतात, या तक्रारीवरून अपात्र ठरवण्यात आले. आपण वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि उच्च न्यायालय या तिन्ही पायऱ्यांवर त्यांना दिलासा मिळाला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले आणि महिला सरपंचाचा आदेश मानावा लागणे गावातील काहींना रुचलेले नाही, हे या प्रकरणाचे मूळ असल्याचे नोंदवले. यंत्रणेने पुरेशी शहानिशा केली नाही, हेही न्यायालयाने सुनावले.

अतिक्रमणाचा नियम चुकीचा नाही. याच नियमाखाली, अतिक्रमित घरात कुटुंबासह राहणारा सदस्यही अपात्र ठरतो, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला होता. प्रश्न आहे तो नियम कोणावर उगारला जातो याचा. गावातल्या वजनदार घराच्या गोठ्याखालची गायरान जमीन कोणाला दिसत नाही आणि महिला किंवा मागास समाजातील सरपंचाच्या सासूचे घर मात्र तक्रारीचा विषय होते. पार्श्वभूमी तपासायची तर सर्वांची, एकाच फुटपट्टीने. नाहीतर तपासणी हे जुन्या सत्तेचे नवे हत्यार ठरते.

गावी परतलेला उमेदवार की गावातच राबलेला?

सध्या अनेक गावांत एक नवा चेहरा दिसतो. पुण्या-मुंबईत नोकरी केलेला, हाताशी चार पैसे असलेला, समाजमाध्यमांवर गावाचे ड्रोन व्हिडीओ टाकणारा. त्याच्यासमोर असतो गावातच राहिलेला, पाणीपुरवठ्याच्या मोटारीपासून मयतीपर्यंत सगळीकडे हजर असणारा कार्यकर्ता. पहिल्याला बाहेरचे जग कळते, अर्ज-प्रस्ताव लिहिता येतात. दुसऱ्याला कोणत्या वस्तीत कोणत्या महिन्यात पाणी येत नाही हे तोंडपाठ असते.

दोघांपैकी एकाला आपोआप वरचढ मानण्याचे कारण नाही. परतलेल्याला विचारावे : निवडणूक हरलास तर गावात राहशील का? मागच्या पाच वर्षांत किती ग्रामसभांना हजर होतास? राबलेल्याला विचारावे : आजवर जी कामे केलीस ती कोणाच्या शिफारशीने झाली आणि उद्या त्या शिफारस करणाऱ्याविरुद्ध निर्णय घ्यायची वेळ आली तर काय करशील? हे प्रश्न चारचौघांत विचारले तरी कोणाचा अपमान होत नाही. उत्तर टाळणाऱ्याची मात्र अडचण होते.

सरपंचाच्या हातात नेमके असते काय?

उमेदवाराचा हेतू पारखायचा तर पदाच्या मर्यादा ठाऊक हव्यात. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानापैकी ६० टक्के रक्कम बंधित होती. त्यातली निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मी स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के गावाने आपल्या गरजेनुसार वापरायचे. सारा निधी कमानी, पेव्हर ब्लॉक आणि सभामंडपाला लावण्याचे आश्वासन देणारा उमेदवार एक तर नियम जाणत नाही किंवा मतदार जाणत नाही असे धरून चालतो.

गावाची खरी ताकद स्वतःच्या उत्पन्नात, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीत असते. म्हणून उमेदवाराने स्वतःची पट्टी दरवर्षी वेळेवर भरली की अर्ज भरण्यासाठी ऐनवेळी थकबाकी मिटवून दाखला घेतला, हे पाहण्यासारखे असते. गावाशी असलेले नाते भाषणात दिसत नसेल, पण पावती पुस्तकात दिसते.

आणखी एक गोष्ट. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध पहिली दोन वर्षे अविश्वास ठराव आणता येत नाही. पुढेही सदस्यांच्या ठरावावर ग्रामसभेची मोहोर लागते. सरपंचाला स्थैर्य मिळावे हा यामागचा उद्देश रास्त आहे. पण त्याचा अर्थ असाही, की निवड चुकली तर ती लवकर दुरुस्त होत नाही. तपासणी मतदानापूर्वीच व्हायला हवी.

मोबाइलवर काय काय तपासता येते?

गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता आणि शिक्षण जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये संसद आणि विधिमंडळाच्या उमेदवारांबाबत मान्य केला. पुढे स्थानिक निवडणुकांतही उमेदवाराला अशी माहिती घोषणापत्राद्वारे द्यावी लागू लागली. ही माहिती मागणे, वाचणे आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जशीच्या तशी टाकणे हा मतदाराचा हक्क आहे. त्यात स्वतःची मीठ-मिरची घालणे मात्र हक्कात बसत नाही.

उमेदवार माजी सरपंच किंवा सदस्य असेल तर केंद्र सरकारचे ‘ई-ग्रामस्वराज’ संकेतस्थळ उघडावे. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडले की ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च दिसतो. ज्या गटारीवर पैसे खर्च पडले ती गटार गल्लीत आहे का, हे पाहायला अभियंता लागत नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत. त्या झाल्या का, की सह्या घरोघरी फिरवल्या गेल्या, हे गावातल्या कोणालाही ठाऊक असते.

मतदानापूर्वी विचारण्याजोगे पाच प्रश्न

१. निवडणूक नसताना, गेल्या पाच वर्षांत गावासाठी कोणते एक काम केले? साक्षीदार कोण?

२. निवडणुकीचा खर्च कोण करत आहे? खर्चाला आयोगाने मर्यादा घातलेली असते. गावातल्या जेवणावळी, गाड्या आणि फलक पाहून तिची बेरीज कोणीही करू शकतो.

३. घरातील कोणी ग्रामपंचायतीची कामे घेते का? निवडून आल्यावर ती थांबतील का?

४. गावाने कोणती एक गोष्ट सोडावी किंवा बंद करावी, असे वाटते?

५. महिला उमेदवार असतील तर उत्तर त्या स्वतः देत आहेत का? पुरुष उमेदवार असेल तर घरातल्या बाईने त्याच्या वतीने बोललेले आपण कधी ऐकले होते?

या प्रश्नांची उत्तरे परिपूर्ण मिळणार नाहीत. कोणत्याही माणसाचा हेतू शंभर टक्के शुद्ध नसतो, तसा आग्रह धरणेही भाबडेपणाचे. मान मिळावा, नाव व्हावे, असे वाटणे हा गुन्हा नाही. गावाच्या भल्यात आपला मान शोधणारा आणि आपल्या मानासाठी गाव वापरणारा, यांत फरक करता आला तरी पुरे.

ग्रामपंचायत ही लोकशाहीची सर्वात जवळची पायरी. इथला उमेदवार रोज दिसतो. त्याचे घर, शेत, उधारी, स्वभाव गावाला पाठ असतो. आमदार-खासदाराबद्दल मतदार ऐकीव माहितीवर निर्णय घेतो, पण सरपंचाबद्दल तशी सबब नाही. एवढी माहिती हाताशी असूनही पाकिटावर, भावकीवर किंवा लिलावावर निकाल लागत असेल, तर पाच वर्षांनी नळाला पाणी का येत नाही हा प्रश्न सरपंचाच्या आधी स्वतःला विचारावा लागेल.